घाटात गुण, सपाटीवर धक्के: थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या तपासाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२५

तपासणीसाठी आलेली गाडी २०११ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, केबलने उघडतो. आत जाणाऱ्या हवेचा अंदाज ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) मॅप सेन्सरने मोजलेला मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतरच्या हवेच्या नळीतला, दाब आणि इंजिनचे मिनिटाचे फेरे यांवरून बांधते. आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे टीपीएस, थ्रॉटल शाफ्टच्या टोकाला दोन स्क्रूंनी बसवलेला आहे. मालक शिक्षक असून रोज गंगापूर रोडने गिरणारे येथे जा-ये करतात. त्यांची तक्रार अशी की ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून चाळीस-पन्नासच्या वेगाने गाडी चालत असताना मधूनच धक्के बसतात, जणू कोणी क्षणभर चावी बंद करून पुन्हा चालू केली. शिवाय सिग्नलला गाडी थांबल्यावर आयडल, म्हणजे पाय उचललेला असतानाचे इंजिनचे फेरे, कधीकधी चौदाशे-पंधराशेवर अडकून राहतात, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो, काही दिवस राहतो व आपोआप विझतो.

याआधी दुसऱ्या ठिकाणी स्पार्क प्लग आणि पेट्रोल फिल्टर बदलून झाले आहेत, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली आहे, आणि आता पेट्रोल पंप बदलण्याचा सल्ला मिळालेला आहे. पंपाचा खर्च करण्यापूर्वी खात्री करून द्यावी, एवढीच मालकांची अपेक्षा आहे.

बोनेट उघडण्यापूर्वी त्यांना एकच गोष्ट विचारली. "सर, मुंबईहून येताना कसारा घाटात गाडी कशी चढते?"

"घाटात? अहो, घाटात काही म्हणजे काही होत नाही. मस्त चढते. धक्के इथेच, आनंदवलीच्या पुढे रस्ता मोकळा झाला की."

या उत्तराने निम्मे काम हलके केले. पंप थकला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर पेट्रोल सर्वांत कमी पडेल ते घाटात, कारण तिथे इंजिन सर्वाधिक पेट्रोल मागते. प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर ठिणगी चुकेल तीही भाराखालीच, सिलिंडरमधला दाब वाढल्यावर. भाराखाली निरोगी असणारे आणि हलक्या पायाला अडखळणारे इंजिन पेट्रोल किंवा ठिणगी यांच्या तुटवड्याकडे बोट दाखवत नाही, तर ईसीएमला मिळणाऱ्या एखाद्या माहितीकडे दाखवते.

दुपारी मालकांना शेजारी बसवून सोमेश्वरच्या पुढेपर्यंत गाडी चालवून पाहिली. चौथ्या गिअरमध्ये सुमारे १,८०० फेऱ्यांवर धक्का बसला. मग तिसऱ्या गिअरमध्ये फेरे २,५०० च्या आसपास नेऊन पाहिले, तरीही धक्का पायाच्या जवळजवळ त्याच स्थितीला बसला. पाय थोडा जास्त दाबला किंवा थोडा उचलला की गाडी सुरळीत. इंजिन गार असताना निघालो होतो तेव्हाही हेच आणि पूर्ण तापल्यानंतरही हेच. दोष फेऱ्यांना, वेगाला किंवा तापमानाला बांधलेला नसून पॅडलच्या एका ठरावीक जागेला बांधलेला आहे, हे आजचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण.

९ डिसेंबर

स्कॅनर जोडला. ईसीएमच्या स्मृतीत पी०१२२ हा एकच दोषाचा कोड होता. त्याचा अर्थ टीपीएसच्या सिग्नलचे व्होल्टेज मर्यादेपेक्षा कमी. दिवा मात्र आज बंद आहे. दोष पुन्हा न दिसता ठरावीक ड्राइव्ह सायकल (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या खेपा) पार पडल्या की ईसीएम दिवा विझवते आणि कोड स्मृतीत पुढे बराच काळ राहू देते, त्यामुळे दिवा विझणे आणि दोष मिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकांना हे माहीत नसणे स्वाभाविक आहे. दिवा विझला म्हणून गाडी बरी झाली असे समजून काही आठवडे काढणारे ग्राहक नेहमीच भेटतात.

कोडबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाची वाचने, अधिक बोलकी निघाली. फेरे १,८४०, वेग ताशी ४७ किलोमीटर, पाण्याचे तापमान ८८ अंश, टीपीएस शून्य टक्के आणि मॅप ५४ किलोपास्कल. या पाच आकड्यांपैकी शेवटचे दोन एकत्र नांदू शकत नाहीत. थ्रॉटल खरोखर पूर्ण बंद असता आणि गाडी गिअरमध्ये घरंगळत असती, तर मॅनिफोल्डमधला दाब तीस किलोपास्कलच्या आसपास किंवा त्याहून खाली गेला असता. ५४ चा दाब सांगतो की थ्रॉटल उघडा होता आणि इंजिन काम करत होते. दोघांपैकी एक सेन्सर खोटे बोलत आहे.

मॅपची साक्ष तपासणे सोपे होते. इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू केली, तेव्हा मॅपने ९४ किलोपास्कल दाखवले. पुस्तकात समुद्रसपाटीसाठी १०१ दिलेले असते आणि ते पाहून काही जण नाशिकमध्ये चांगले मॅप सेन्सर बाद ठरवतात. पण हे शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब एवढाच असतो. मॅप खरे बोलत आहे, हे यावरून आणि आयडलला दाखवलेल्या ३४ च्या स्थिर आकड्यावरून मान्य केले.

टीपीएसच्या थेट वाचनात दोन गोष्टी दिसल्या. पाय पूर्ण उचललेला असताना स्कॅनरमधील गाडीच्या कंपनीच्या यादीतील थ्रॉटलची उघडझाप शून्याऐवजी २.७ टक्के दाखवत होती. आणि पॅडल हळूहळू दाबत नेले असता आलेख अगदी गुळगुळीत चढत गेला, कुठेही खाच नाही.

माझ्या हाताखाली काम शिकणारा मुलगा म्हणाला, "दादा, लाइन तर एकदम सरळ आहे. मग सेन्सर चांगला ना?"

त्याला समजावले ते येथेही नोंदवतो, कारण या एका गैरसमजापोटी कित्येक खराब टीपीएस निर्दोष सुटतात. या गाडीचा स्कॅनरशी संवाद के-लाइन नावाच्या एका वायरीवरून, सेकंदाला सुमारे १०,४०० बिट या गतीने होतो. प्रत्येक मूल्यासाठी स्कॅनर प्रश्न विचारतो आणि ईसीएम उत्तर देते. यादीत दहा-बारा मूल्ये निवडलेली असतील तर एकाच सेन्सरचे वाचन सेकंदाला एखाददुसऱ्या वेळी पदरात पडते. यादीत एकटा टीपीएस ठेवला तरी सेकंदाला काही मोजकीच वाचने मिळतात आणि मधल्या रिकाम्या जागा स्कॅनर सरळ रेघेने जोडून टाकतो. दहा-वीस मिलिसेकंदांची घसरण त्या रिकाम्या जागेत पडली की ती झालीच नाही असे चित्र उमटते. ईसीएम मात्र तोच सिग्नल काही मिलिसेकंदांच्या अंतराने वाचत असते, म्हणून तिला घसरण दिसते आणि धक्का बसतो.

१० डिसेंबर

सेन्सरला हात लावण्यापूर्वी त्याच्याकडे येणाऱ्या वायरी तपासायच्या होत्या. टीपीएस हा मुळात एक पोटेन्शिओमीटर आहे: कार्बनच्या अर्धवर्तुळाकार ट्रॅकच्या एका टोकाला ईसीएमकडून पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला सेन्सरचे ग्राउंड, आणि शाफ्टबरोबर फिरणारा धातूचा ब्रश ट्रॅकवर जिथे टेकलेला असेल तिथले व्होल्टेज तिसऱ्या वायरीने परत. पाच व्होल्टची वायर तुटली किंवा सिग्नलची वायर ग्राउंडला टेकली, तरी पी०१२२ हाच कोड येतो. म्हणून कोड वाचला आणि सेन्सर बदलला, ही पद्धत मला मान्य नाही.

कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या रबरी सीलमधून बारीक पिना आत सरकवल्या. वायरीचे आवरण टोचून मोजण्याची सवय टाळावी; आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरते आणि वर्षभराने तांब्याची हिरवी भुकटी झालेली सापडते. चावी चालू असताना पाच व्होल्टच्या पिनेवर ५.०१ मिळाले. इंजिन चालू ठेवून सेन्सरचे ग्राउंड आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये ०.०३ व्होल्ट, म्हणजे ग्राउंड उत्तम. सिग्नल थ्रॉटल बंद असताना ०.५६ आणि पूर्ण उघडा असताना ४.१२. दोन्ही आकडे या प्रकारच्या सेन्सरला साजेसे आहेत, आणि फक्त ही दोन टोके मोजून समाधान मानले असते तर सेन्सर उत्तीर्ण झाला असता.

हार्नेसवरचे, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरचे, टेप सोडवत नेताना मात्र एक संशयित हाती लागला. सिग्नलच्या वायरीला फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापासून) वीतभर अंतरावर सोलून, पीळ देऊन काळ्या टेपने गुंडाळलेला एक जोड होता, आणि त्यातून निघालेली पिवळी वायर दोन इंचांवर कापून मोकळी सोडलेली होती. मालकांना फोन करून विचारल्यावर उलगडा झाला. आधीच्या मालकाने गाडीला सीएनजी किट बसवले होते आणि गॅस सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) नकोशी झाल्यावर ते काढून टाकले. गॅसचे प्रमाण स्टेपर मोटरने राखणारी त्या पिढीची किटे टीपीएस आणि लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) यांच्या वायरींमधून संकेत घेत असत. किट काढणाऱ्याने पेटी आणि पाइप नेले, जोड तसाच ठेवला.

मोकळे टोक बॉडीला टेकले तर सिग्नल शून्यावर जाईल आणि नेमका हाच कोड येईल. जोड हलवून, ओढून, पिळून पाहिला. मीटरवर सिग्नल जागचा हलला नाही. पण मीटरचे आकडे सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात, तेव्हा या चाचणीवर फार विसंबता येत नाही. जोड आणि सेन्सर यांच्यापैकी दोषी कोण, हे उद्या स्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, ठरवायचे. मुलाला जोड लगेच दुरुस्त करून टाकायचा होता. त्याला थांबवले, कारण संशयित जागा तपासाआधीच दुरुस्त केली तर पुढे दोष नाहीसा झाला तरी तो कशामुळे गेला ते कळत नाही.

११ डिसेंबर

दोन चॅनेलचा लहान स्कोप लावला. पहिल्या चॅनेलवर सिग्नल, दुसऱ्यावर पाच व्होल्टची वायर, पडद्याची रुंदी पाच सेकंदांची. चावी चालू, इंजिन बंद. मुलाने पॅडल अतिशय सावकाश, तीन-चार सेकंदांत पूर्ण जाईल अशा बेताने दाबले.

रेघ ०.५६ वरून चढू लागली आणि एक व्होल्ट ओलांडताच सरळ खाली कोसळून परत जागेवर आली. पडदा थांबवून ती खाच मोठी करून पाहिली तेव्हा १.०४ व्होल्टवरून ०.१ पर्यंतची घसरण आणि सुमारे १५ मिलिसेकंदांची रुंदी मोजली गेली. तिच्या लगेच पुढे आणखी दोन उथळ खाचा होत्या, त्या ०.४ पर्यंतच उतरत होत्या. त्यानंतर ४.१२ पर्यंत रेघ स्वच्छ. परतीच्या प्रवासातही खाचा त्याच व्होल्टेजला. दुसऱ्या चॅनेलवरचे पाच व्होल्ट या सगळ्या काळात ढळले नाहीत, त्यामुळे पुरवठ्यातला दोष बाद झाला. तसा तो असता तर त्याच पाच व्होल्टवर चालणारा मॅपही त्याच क्षणी कोलमडला असता, आणि फ्रीझ फ्रेममध्ये ५४ दिसले नसते.

१.०४ व्होल्ट म्हणजे उघडण्याच्या हिशेबाने पहा: ४.१२ उणे ०.५६ इतक्या पल्ल्यातले ०.४८, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के. सपाट रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने जाताना पाय याच जागेवर असतो आणि ब्रश या एवढ्याशा तुकड्यावर तासन्‌तास थरथरत मागेपुढे घासत राहतो. म्हणून ट्रॅक बहुधा इथेच झिजतो. घाटात पाय खोल गेलेला असतो, ब्रश झिजलेला भाग ओलांडून चांगल्या ट्रॅकवर पोचलेला असतो, आणि गाडी गुणी वाटते.

धक्क्याचे कारणही यात आले. सिग्नल कोसळताच ईसीएमच्या लेखी चालकाने पाय उचललेला असतो; फेरे १,८०० असताना पाय उचलला म्हणजे उतारावरची घरंगळ, आणि अशा वेळी ती इंजेक्टर बंद करते. पुढच्या क्षणी सिग्नल परत येतो, ईसीएमला वाटते पाय एकदम दाबला, आणि ती वाढीव पेट्रोल देते. आयडल अडकण्यामागेही हेच असावे असा माझा कयास आहे. सर्वांत कमी दिसलेले व्होल्टेज ईसीएम काही मर्यादेत 'बंद थ्रॉटल' म्हणून शिकत जाते, ०.४ च्या उथळ खाचा तिने खऱ्या मानल्या असतील, तर खरे बंद व्होल्टेज ०.५६ तिला किंचित उघडे भासेल. परवा दिसलेले २.७ टक्के या कयासाशी जुळतात.

तरीही जोडाचा प्रश्न शिल्लक होता. सिग्नलची वायर पुढे कुठेही ग्राउंडला टेकली तरी सेन्सरच्या पिनेवर घसरणच दिसणार, कारण वायर तीच. खाच नेहमी एकाच व्होल्टेजला येते ही गोष्ट सेन्सरकडे झुकणारी आहे, पण पुरावा निर्णायक व्हायला सेन्सर वायरींपासून वेगळा करूनच तपासायला हवा.

१२ डिसेंबर

सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या आणि थ्रॉटल बॉडीच्या कडेवरून टोकदार सुईने एक आडवी खूण केली. दोन्ही स्क्रू वर्षानुवर्षांच्या उष्णतेने घट्ट बसलेले होते. त्यांच्या फुलीत बरोबर बसणारे स्क्रूड्रायव्हर घेऊन, गंज सोडवणारे तेल टाकून, मुठीवर हलके ठोके दिल्यावर ते सुटले. साध्या स्क्रूड्रायव्हरने घाई केली की फुली घासते आणि ड्रिल मशीन आणावे लागते.

टेबलावर पॉवर बँकेचे पाच व्होल्ट सेन्सरला दिले आणि सिग्नल व ग्राउंड यांच्यामध्ये १०० किलो-ओहमचा रोध जोडला. हा रोध विसरू नये, कारण ब्रश ट्रॅकवरून उचलला गेला की सिग्नलची वायर तरंगती राहते आणि उच्च रोधाच्या मीटरवर आधीचेच व्होल्टेज रेंगाळताना दिसू शकते. गाडीत हे काम ईसीएमच्या आतला रोध करतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सेन्सरचा फिरणारा भाग हळूहळू फिरवला आणि स्कोपवर त्याच ठिकाणी तीच खाच उमटली. आता गाडीची एकही वायर मध्ये नव्हती. जोड निर्दोष सुटला, सेन्सर दोषी ठरला.

दोन्ही टोकांमधला एकूण रोध ४.६ किलो-ओहम आणि तो पूर्ण स्थिर आला. ब्रशच्या वाटेवरची पृष्ठभागाची झीज एकूण रोधात उतरतेच असे नाही, म्हणून फक्त टोकांचा रोध मोजून सेन्सर चांगला ठरवणे हीही अपुरी चाचणी आहे.

थ्रॉटल शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवून पाहिला. किंचित ढिलाई जाणवते. सेन्सर बदलण्याआड येण्याइतकी ती नाही.

१५ डिसेंबर

सुट्या भागांच्या दुकानात दोन पर्याय मिळाले: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला आणि त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा, नाव नसलेला. दुकानदाराने आधीच सांगितले, "साहेब, इलेक्ट्रिकचा माल एकदा नेला की परत नाही, बरं का." नियम रास्त आहे, म्हणून काउंटरवरच मीटर काढून दोन्ही सेन्सर फिरवून पाहिले. स्वस्त सेन्सरमध्ये ब्रशचा रोध पहिल्या चतुर्थांशात झरझर आणि पुढे सावकाश वाढत होता. ईसीएमला रोधाची सरळ चढण अपेक्षित असते. ती वाकडी असली तर कोड येत नाही, पण वाढीव पेट्रोलचा हिशेब प्रत्येक गिअर बदलाला चुकत राहतो. कंपनीचा सेन्सर घेतला.

संध्याकाळी जुन्या सेन्सरचे झाकण कापून मुलाला आतला भाग दाखवला. काळ्या मॅट ट्रॅकवर सुरुवातीच्या भागात, तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीचा पट्टा आरशासारखा चकचकीत झाला होता आणि त्याच्या मध्यभागी कार्बन जाऊन खालचा फिकट थर उघडा पडला होता. ब्रशच्या बोटांवर काळी भुकटी साचली होती. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिले आणि स्कोपवरच्या तीन खाचा कुठल्या कुठल्या ते स्वतःच दाखवले.

१६ डिसेंबर

नवा सेन्सर खुणेवर बसवला. बंद थ्रॉटलला ०.५२, पूर्ण उघडल्यावर ४.१५. या सेन्सरच्या स्क्रूंची भोके गोल असल्याने फिरवून जुळवण्याची सोय नाही आणि गरजही नाही. थ्रॉटलच्या थांब-स्क्रूवरील कंपनीचा रंग अखंड होता, ही समाधानाची बाब. आयडल वाढवण्यासाठी तो स्क्रू फिरवलेल्या गाड्या पुष्कळ येतात आणि त्यांत बंद थ्रॉटलचे मूळ मापच हरवलेले असते.

निकाल स्पष्ट झाल्यानंतर आता सीएनजीचा जुना जोडही नीट केला. पिवळा तुकडा मुळापासून कापला, वायर सोल्डर करून श्रिंक ट्यूब चढवली. तो आजच्या दोषाचे कारण नव्हता, पण एखाद्या पावसाळ्यात झाला असता. मग कोड पुसला आणि जुने शिकलेले मूल्य जावे म्हणून बॅटरीचे ऋण टोक काही वेळ काढून ठेवले. पुन्हा जोडल्यावर इंजिन गरम होईपर्यंत पंखा, दिवे, एसी बंद ठेवून आयडलवर चालू दिले. पाय उचललेला असताना स्कॅनरवर शून्य टक्के आले.

स्कोपवर सावकाश चढण घेतली, खाच नाही. मग गंगापूर धरणाच्या दिशेने रस्त्यावर चाचणी केली आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये पाय मुद्दाम त्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास धरून ठेवला. धक्का नाही. परतताना सिग्नलवर आयडल ८०० च्या जवळ स्थिर राहिला.

३ जानेवारी २०२६

मालक गाडी दाखवायला येऊन गेले. मधल्या काळात नेहमीच्या फेऱ्यांखेरीज एकदा मुंबईलाही जाऊन आले. स्कॅनरमध्ये एकही कोड नाही, प्रलंबित यादीतही नाही. पेट्रोल पंपाचा दाब त्यांच्या समाधानासाठी मोजून दाखवला, तो मर्यादेत आहे. पंप बदलू नये असे कार्डावर लिहून दिले. नव्या सेन्सरची ०.५२ आणि ४.१५ ही मूल्ये गाडीच्या फाइलमध्ये नोंदवली असून शाफ्टची ढिलाई पुढच्या सर्व्हिसिंगला डायल गेज लावून मोजायची आहे, कारण ती वाढत असेल तर नव्या सेन्सरचा ब्रशही तिरका घासणार आणि तेव्हा थ्रॉटल बॉडीचा विचार करावा लागेल.